दुसऱ्याच्या नावावर

आमच्या कपाटात एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या पैशांचा हिशेब तिच्यात असतो. मावशींनी आमच्याकडं काम धरलं त्याला एकवीस वर्षं झाली. नवरा पिणारा, हाताला लागेल ते नेणारा. म्हणून सुरुवातीला शंभर, मग दोनशे, पुढं पाचशे असं दर महिन्याला त्या माझ्याकडं ठेवायला देऊ लागल्या. रक्कम वाढली तशी मी ती बँकेत मुदतठेवीत टाकली, माझ्या नावावर. पावती माझ्या लॉकरमध्ये आणि हिशेब वहीत. त्यात चुकीचं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटायचं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडं अमेरिकेला गेले होते, तेव्हा हा बरेपणा जरा ढवळला गेला. ती शार्लटला राहते, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात. एका शनिवारी तिनं आम्हाला पश्चिमेकडच्या डोंगरात नेलं. तीनेक तासांचा रस्ता. गावाचं नावच चेरोकी. पाट्यांवर इंग्रजीबरोबर दुसरी एक लिपी होती, न पाहिलेली, गोलगोल वळणांची. आम्ही बेळगावची माणसं, पाटीवर कुठल्या लिप्या आहेत आणि कुठली वर आहे हे आधी बघायची आम्हाला खोडच असते. लेक हसली. म्हणाली, “आई, तू इथंपण तेच बघतेस!” सिक्वोया नावाच्या एका चेरोकी माणसानं १८२१ च्या सुमारास ही लिपी पूर्ण केली, आणि त्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिथल्या संग्रहालयात हे वाचलं आणि मी तिथंच दोन तास बसले. नवरा आणि जावई बाहेर नदीकाठी हरणं बघत होते.

चेरोकींची गोष्ट मला तोवर एका ओळीत ठाऊक होती. सोन्यासाठी आणि जमिनीसाठी त्यांना हाकललं, वाटेत हजारो मेले. ती ओळ खोटी नाही. जॉर्जिया राज्यानं १८२८ साली कायदा करून चेरोकींच्या मुलखावर आपला अंमल लावला. गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकी माणसाची साक्ष कोर्टात चालणार नाही असं ठरवलं. १८३२ साली त्यांची जमीन चक्क लॉटरीनं वाटली. त्यांचा प्रमुख जॉन रॉस वॉशिंग्टनहून घरी परतला तेव्हा त्याच्या घरात लॉटरी लागलेला माणूस राहत होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १८३२ मध्ये सांगितलं की चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. जॉर्जियानं ऐकलं नाही, आणि ऐकायला लावणारं कुणी नव्हतं. १८३५ च्या अखेरीस मूठभर चेरोकींनी करारावर सह्या केल्या. रॉसनं पंधरा हजारांहून जास्त लोकांच्या नावांचा विरोधी अर्ज पाठवला. तरी सिनेटनं तो करार एका मतानं मंजूर केला. १८३८ मध्ये सैन्य आलं. सोळा हजार माणसं पश्चिमेला गेली, आणि त्यात चार हजारांच्या आसपास मेली असं साधारण मानतात.

मग माझ्यासमोर हे गाव कसं? इथली माणसं का गेली नाहीत?

उत्तर ऐकून मी आधी खुश झाले. कारण उत्तर असं होतं, की शेजारच्या जॉर्जियानं जे केलं ते नॉर्थ कॅरोलायनानं केलं नाही. इथं राज्यानं काही चेरोकींचा हक्क मानला. एक दुष्ट राज्य आणि एक सुष्ट राज्य, शेजारी शेजारी. पुराणातल्या दोन भावांसारखं. घरी परतताना मी गाडीत जावयाला हे मोठ्या उत्साहानं सांगत होते. तो म्हणाला, “आई, राज्य असं फुकट चांगलं नसतं.” मला त्याचा रागच आला. पण पुढचे तीन महिने लेकीच्या गावातल्या लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली, तेव्हा तो फार चुकला नव्हता असं दिसलं. पण पूर्ण बरोबरही नव्हता, आणि मला लिहायचंय ते त्या मधल्या जागेबद्दल.

१८१९ च्या करारानं चेरोकींनी बराच मुलूख सोडला. त्यात एक कलम असं होतं की ज्या कुटुंबप्रमुखाला तिथंच राहून अमेरिकेचा नागरिक व्हायचं असेल त्याला ६४० एकर जमीन मिळेल. (कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष हे गृहीतच. चेरोकींमध्ये घर आणि शेत बाईकडं असायचं आणि मुलं आईच्या कुळाची. त्यांच्या बायकांनी १८१७ साली आपल्या पंचायतीला अर्ज करून सांगितलं होतं की आणखी जमीन देऊ नका. कुणी ऐकलं नाही. हे वेगळ्या लेखाचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवेना.) तर अशी जमीन घेणाऱ्यांत यूचेला नावाचा एक माणूस होता. गंमत अशी की राज्यानं तोवर तो मुलूख मोजून गोऱ्यांना विकायला सुरुवातही केली होती. एकच जमीन, एकदा करारानं यूचेलाला दिलेली आणि एकदा राज्यानं वेल्श नावाच्या माणसाला विकलेली. यूचेला कोर्टात गेला. १८२४ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयानं, म्हणजे राज्याच्याच कोर्टानं, निकाल दिला की जमीन यूचेलाची. करार आधी, राज्याची विक्री नंतर. दोन वर्षांनी टेनेसीच्या कोर्टानंही अशाच एका खटल्यात असंच म्हटलं.

इथवर वाचून कुणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. मीही मनात वाजवल्या. पण निकालानंतर काय झालं? गोरे लोक विकत घेतलेल्या जमिनीवर बसलेले होते, त्यांना उठवणार कोण? राज्यानं आयुक्त नेमले आणि हक्क असलेल्या चेरोकींकडून ते हक्क पैसे देऊन विकत घेतले. हक्क खरा आहे असं कोर्टानं सांगितलं, मग तो खरा असल्यामुळंच त्याला किंमत आली, आणि किंमत आल्यावर तो घेऊन टाकला. यूचेला जिंकला आणि त्याची जमीन गेली. तो डोंगरापलीकडं, अजून चेरोकींच्या ताब्यात असलेल्या मुलखात, राहायला गेला.

मी यावर बरेच दिवस विचार करत होते. राज्यानं फसवलं असं म्हणता येत नाही. पैसे दिले, सह्या घेतल्या. आपल्याकडं भावांच्या वाटणीत बहिणीला बोलावून साडी-चोळी आणि काही रक्कम देतात आणि हक्कसोड लिहून घेतात, तेव्हा तिला कुणी फसवत नाही. तिचा हक्क मानला म्हणून तर लिहून घेतात! हक्क मानणं आणि हक्क असू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला यूचेलापर्यंत जाऊन कळलं. खरं तर घरातच कळायला हवं होतं.

यातल्या साठेक कुटुंबांनी मिळालेल्या पैशांतून ओकोनालुफ्टी नदीच्या काठी पुन्हा जमिनी घेतल्या, आणि योनागुस्का नावाच्या म्हाताऱ्या प्रमुखाच्या छायेत राहिले. याच वस्तीमुळं ते गाव आज तिथं आहे. योनागुस्कानं एका गोऱ्या पोराला मुलगा मानलं होतं. विल्यम हॉलंड थॉमस, १८०५ चा जन्म, जन्मायच्या आधीच बाप गेलेला, लहानपणापासून दुकानात कामाला. हा चेरोकी भाषा शिकला, दुकानदार झाला, कायदा वाचला, पुढं राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. १८३८ च्या आधी आणि नंतर वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला जाऊन त्यानं या वस्तीची बाजू मांडली. त्याचं म्हणणं, ही माणसं चेरोकी राष्ट्रातून आधीच बाहेर पडली आहेत, राज्यात राहतात, राज्याला चालतं, तेव्हा यांना हलवायचं कारण नाही. राज्यानं १८३७ साली एक कायदा केला होता, की चेरोकी माणसाशी दहा डॉलर किंवा त्याहून मोठा व्यवहार लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर झाला तरच चालेल. फसवणूक होऊ नये म्हणून. थॉमस तो कायदा पुढं करायचा: बघा, राज्य यांचं रक्षण करतंय, म्हणजे राज्य यांना राहू देतंय.

आणि त्याच वेळी तेच राज्य यूचेला गेला होता त्या बाजूची, म्हणजे डोंगरापलीकडची, जमीन मोजून विकायच्या तयारीत होतं. तिथल्या चेरोकींना सैन्यानं उचललं तेव्हा राज्यानं हू की चू केलं नाही.

यूचेला तिथंच होता. तो माणसं घेऊन रानात लपला, आणि उपासमारीनं त्याच्या घरची माणसं गेली. १८३८ च्या शरदात त्साली नावाचा दुसरा एक म्हातारा आणि त्याच्या घरचे लोक सैनिकांच्या हातून निसटले. झटापटीत दोन सैनिक मेले. पुढं काय झालं याच्या दोन गोष्टी आहेत. एक नाटकातली. तिथल्या उघड्या नाट्यगृहात १९५० पासून दर उन्हाळ्यात जे नाटक होतं त्यात त्साली स्वतःहून येतो आणि आपल्या लोकांसाठी मरण पत्करतो. दुसरी सैन्याच्या कागदांतली. तिच्यात यूचेलाच्या माणसांनी त्सालीला धरलं आणि त्यांनीच गोळ्या घातल्या. मोबदल्यात यूचेलाच्या लोकांना राहायची परवानगी मिळाली.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. कोर्टात जिंकलेला माणूस! ज्याचा हक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांपूर्वी शाईनं लिहून दिला होता, त्याला राहायची परवानगी शेवटी अशी मिळवावी लागली. त्याला दोष द्यायचं धाडस मला होत नाही. उपाशी मेलेल्यांच्या शेजारी बसून मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरात वाढलेल्या बाईनं अशा जागी निवाडा करू नये, कारण तिच्यावर तशी वेळ आलेली नसते. पण निवड करायला त्याला ज्यांनी लावलं त्यांच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

मग पुढची तीस वर्षं. १८४८ च्या नोंदीत नॉर्थ कॅरोलायनात उरलेले चेरोकी दीड हजारांवर भरतात. केंद्र सरकारनं त्यांच्या नावे माणशी ५३ डॉलर ३३ सेंट बाजूला काढले आणि त्यावर सहा टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ३ डॉलर २० सेंट. मुद्दल मात्र पश्चिमेला गेलात तरच. पुढं मुद्दल इथंच द्यायची गोष्ट निघाली तेव्हा खजिन्यानं विचारलं, राज्य यांना कायम राहू देणार आहे का? तसं विधिमंडळानं लिहून द्यावं. एका वाक्याचं काम. नॉर्थ कॅरोलायनानं ते वाक्य काही लिहिलं नाही. हाकलायचं नाही, पण राहा असंही म्हणायचं नाही. जावई म्हणाला त्यातला खरेपणा मला इथं पटला. पाठिंब्याला काही खर्च नसेल तोवर पाठिंबा असतो. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ठराव, शुभेच्छा, काळी फीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ठराव. अर्थात आमचं दुखणं आणि त्यांचं दुखणं एका तागडीत घालणं बरं नव्हे. आमचं घर कुणी लॉटरीत काढलं नाही.

ते वाक्य आलं फेब्रुवारी १८६६ मध्ये. चेरोकींना राज्यात राहता येईल, असं विधिमंडळानं कायद्यानं म्हटलं. का आलं? मधल्या यादवी युद्धात थॉमसनं चेरोकींची फौज उभी केली होती, दक्षिणेच्या बाजूनं, म्हणजे गुलामगिरी राखणाऱ्या बाजूनं. त्या निष्ठेची ही बक्षिसी, असं अभ्यासक म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. एक हक्काची गोष्ट, आणि ती मिळाली दुसऱ्यांचा हक्क मारणाऱ्यांच्या बाजूनं लढून. इथं मला कुठं उभं राहावं ते कळेना. हेतू वाईट म्हणून त्या वाक्याची किंमत कमी होते का? त्या डोंगरात राहणाऱ्या बाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कुणी का लिहिलं असेना, लिहिलं ना? दरवर्षी बियाणं पेरताना पीक आपण काढणार का ही धास्ती गेली, हे तिच्यासाठी पुरेसं. मी आधी हेतूला फार मान द्यायचे. आता इतकंच म्हणेन की हेतू देणाऱ्याला ओझं असतो, घेणाऱ्यानं तो तपासत बसावा अशी अपेक्षा करणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. पण एक आहे. ज्या कारणासाठी दिलं ते कारण संपलं की देणारा हात मागं घेतो, म्हणून घेणाऱ्यालाही कधीतरी हेतू बघावाच लागतो.

आणि आता थॉमसकडं येते, कारण माझी झोप उडवली ती त्यानं.

चेरोकींना स्वतःच्या नावानं जमीन धरता येईल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून थॉमस त्यांच्या पैशांनी आणि थोडी स्वतःच्या पैशांनी, थोडी उधारीवर, जमिनी घेत गेला, आणि त्यातल्या बहुतेक स्वतःच्या नावावर. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. तो लबाड होता असं मला वाटत नाही. तीस वर्षं कुणी लबाड माणूस दुसऱ्यासाठी वॉशिंग्टनचे उंबरे झिजवत नाही. पण युद्धात तो कर्जात बुडाला आणि १८६७ साली त्याचं डोकं फिरलं. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. पुढं १८९३ ला मरेपर्यंत तो तिथं जात-येत राहिला. सावकार आले. कागदावर जमीन थॉमसची, मग थॉमसच्या कर्जात ती जाणार. ज्यांनी पैसे भरले, झाडं तोडली, मका लावला, त्यांचं नाव कुठंच नाही. खटला झाला, लवाद नेमले गेले. १८७४ साली लवादांनी सांगितलं की क्वालाची जमीन चेरोकींचीच. पण सावकाराचं देणं चेरोकींच्याच पैशांतून भागवावं लागलं, तेव्हा १८७६ मध्ये कागद झाला.

आणि कागद झाला तरी तो कुणाच्या नावानं? एक जमात कोर्टात उभी राहू शकते का, याच्यावर वाद. शेवटी १८८९ साली नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना नोंदणीकृत संस्था करून टाकलं. एखादी गिरणी किंवा पतपेढी नोंदवावी तसं एक आख्खं लोक नोंदवलं. त्यामुळं त्यांना दावा लावता येऊ लागला. हा राज्याचा खरा उपयोगी पाठिंबा, मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगी. कुठलंही भाषण नसलेला. आज ती जमीन केंद्र सरकार त्यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरून आहे. म्हणजे अजूनही दुसऱ्याच्याच नावावर! गावात मोठा कॅसिनो आहे आणि त्यातून प्रत्येक सभासदाला वर्षातून दोनदा पैसे मिळतात. जुगाराचं बघून मी नाक मुरडलं तेव्हा लेक म्हणाली, “लॉटरी त्यांच्याकडून आधी कुणी खेळून घेतली, आई?” मी गप्प बसले.

बेळगावला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी लॉकरमधून मावशींच्या ठेवीची पावती काढली. माझं नाव. वारस म्हणून माझा मुलगा. मुलाला ही गोष्ट माहीतसुद्धा नाही. उद्या मला काही झालं, किंवा थॉमससारखं माझंच डोकं फिरलं, तर ही निळी वही कोण उघडणार? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, “आपण काय तिचे पैसे खाणार आहोत का?” तेच तर. थॉमसनंही हेच म्हटलं असतं, आणि खरं म्हटलं असतं. चांगल्या माणसाला स्वतःचा चांगुलपणा कागदासारखा पक्का वाटतो. आणि मला मिळणारा तो बरेपणा, तो कशातून येत होता? त्यांचं माझ्यावाचून अडतं, यातूनच की.

दुसऱ्या दिवशी मावशींना बसवलं. चहा दिला. म्हटलं, “मावशी, तुमच्या नावानं खातं काढू या. आधार कार्ड आणा, मी येते बँकेत.”

त्या बशीतला चहा संपेपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नको अक्का. घरात पासबुक आलं की त्यो हुडकतोय. मोबाईलवर मेसेज आला तर पोरगा वाचतोय. तुमच्या नावावर हाय म्हणून तर हाय.”

“आणि मी मेले तर?”

“असं काय बोलता?” त्या खरंच घाबरल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “वहीत लिवलंय न्हवं?”

मी पासबुक माझ्याकडं ठेवायचं सुचवलं, मोबाईल नंबर माझा द्यायचा सुचवलं. त्या मान हलवत राहिल्या. बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, खातं त्यांचं आणि नंबर तुमचा, हे आम्हाला नियमात बसत नाही. जिथं हात घालावा तिथं एक दार बंद. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाला मी तीन महिने नावं ठेवली होती, आणि माझ्याच्यानं एक पावती हलेना.

सध्या एवढं केलंय, की मुलाला आणि सुनेला बसवून वही दाखवली. शेवटच्या पानावर सगळी रक्कम लिहिली, ती मावशींची आहे असं लिहिलं, खाली मी आणि ह्यांनी सही केली. साक्षीदार दोन हवेत म्हणून शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या सुनेला बोलावलं. १८३७ चा कायदा, मी मनात म्हटलं. मावशींनी अंगठा नको म्हटला. साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या म्हणे कधीतरी. पेन दोनदा झटकून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पहिली दोन अक्षरं ओळीवर, पुढची खाली उतरलेली. मग वही माझ्याकडं परत दिली आणि विचारलं, “आता कपाटातच ठेवणार न्हवं?”